विषाचा आळ

काटेमास्तरांनी ताट पुढे सरकवलं आणि सुनेला म्हणाले, "आधी तू खा."

टेबलाशी तिघंच होती. मास्तर, त्यांचा मुलगा आणि सून. मुलाचा घास हातातच राहिला. सुनेला वाटलं, भाजीत केस-बीस निघाला असेल. तिने वाकून ताटात पाहिलं.

"काय झालं बाबा? खारट झालंय का?"

"खारट-अळणी मला जिभेनं कळतं. जे जिभेला कळत नाही त्याचं विचारतोय. माझ्या ताटातलं खाऊन दाखव. माझ्यासमोर."

तिला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा तिचे कान तापले. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पाण्याच्या ग्लासात काहीतरी पडल्यासारखा आत बघत बसला होता. मग तिने मास्तरांचं ताट स्वतःकडे ओढलं आणि एक घास नाही, अख्खं ताट खाल्लं. शांतपणे, चावून चावून, भाताचं शेवटचं शीत बोटानं टिपून. हात धुऊन आली आणि म्हणाली, "मी जिवंत आहे. तुम्हाला भूक लागली असेल तर स्वयंपाकघर तिकडे आहे."

त्या दिवसापासून त्या घरात युद्ध उघड झालं. आतल्या आत ते कधीचंच चालू होतं.

मास्तरांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बाजाराच्या रस्त्यावर, एका न्हाव्याच्या आणि एका छत्रीवाल्याच्या मध्ये चेपून बसलेलं. दोन माणसं आत आली की तिसऱ्याने रस्त्यावर उभं राहायचं. काउंटरची काच, काचेखाली पट्टे, मागे मास्तरांचं बाक आणि बाकावर वाकलेला दिवा. डोळ्याला भिंग लावून मास्तर एकदा बसले की वरून छप्पर कोसळलं तरी उठणार नाहीत अशी ख्याती. घड्याळाचे काटे आणि जिभेचे काटे, दोन्हींवरून बाजाराने त्यांना काटेमास्तर नाव ठेवलं होतं. गिऱ्हाइकाने "दोन मिनिटं मागे पडतं" म्हटलं की हे विचारणार, "घड्याळ पडतं की तुम्ही?"

सून लग्न होऊन आली तेव्हा काउंटरवर बसायला लागली. सेल बदलणं, पट्टे बसवणं, पावत्या फाडणं. तिचा हात हलका होता आणि नजर तीक्ष्ण. बघता बघता ती मागची झाकणं उघडायला शिकली, मग यंत्र धुवायला, मग जोडायला. मास्तरांनी शिकवलं असं म्हणता येणार नाही. चुकलं काय तेवढं ते रागावून सांगायचे, त्यातून तिने बरोबर काय ते काढून घेतलं.

तोवर सगळं ठीक होतं. मग मास्तरांच्या नजरेपुढे धुकं यायला लागलं. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यातून निसटायची आणि कुठे पडली ते त्यांना दिसायचं नाही. सून काही न बोलता वाकायची आणि उचलून त्यांच्या तबकात ठेवायची. हे न बोलणंच मास्तरांना सहन होईना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला होता, ऑपरेशन करून घ्या म्हणाले होते. मास्तर तिथून जे उठले ते थेट दुकानात. "माझ्या डोळ्यात सुरी घालणार! मी काय यंत्र आहे उघडायला?" जन्मभर दुसऱ्याची यंत्रं उघडलेला माणूस स्वतःला उघडू द्यायला तयार नव्हता.

आणि त्यांच्या मनाने घेतलं की सून टपून बसली आहे. डोळे गेले की दुकान तिचं.

मास्तरांची लेक त्याच शहरात, दुसऱ्या टोकाला राहायची. ब्यूटी पार्लर चालवायची. बापाची लाडकी, आणि बापाची जीभ जशीच्या तशी घेतलेली. आली की भावजयीला "वहिनी" म्हणायची, पण त्या शब्दात एवढी साखर घालायची की ऐकणाऱ्याचे दात शिवशिवावेत. पार्लरमध्ये गोळ्या, मलमं, तेलं विकणारी एक बाई यायची. तिने सांगितलं होतं, त्वचेला चमक, केसांना बळ, डोळ्यांना तेज, सगळं एका गोळीत. अ जीवनसत्त्व. सोनेरी, पारदर्शक, मण्यासारखी गोळी. लेकीने बापाला एक बाटली आणून दिली. "बाबा, ऑपरेशन-बिपरेशन काही नको. हे घ्या रोज एक. डोळ्यांचंच औषध आहे."

मास्तरांनी रोज एक घेतली. फरक पडेना. मग सकाळी दोन, संध्याकाळी दोन घ्यायला लागले. बाटलीवर काय लिहिलं होतं ते त्यांना दिसत नव्हतं आणि सुनेला वाचायला सांगणं म्हणजे नाक कापून हातात देण्यासारखं. बाटली त्यांनी दुकानातल्या बाकाच्या खालच्या खणात कुलपात ठेवली. शेजारच्या न्हाव्याने सांगितलं, माशाच्या यकृताचं तेल डोळ्यांना फार चांगलं. तेही आलं, चमच्याने सुरू झालं. मुलाने वडिलांना अशक्तपणा वाटतो म्हणून ताकदीच्या गोळ्यांचा डबा आणून दिला होता, तो होताच. शिवाय कुणीतरी म्हणालं कलेजी खावी, म्हणून मास्तर दिवसाआड कलेजी मागायचे आणि सून बिनबोभाट करून वाढायची. तिला कलेजीपलीकडचं काही माहीत नव्हतं.

लेक नव्या बाटल्या पोचवत राहिली. त्या फक्त बापाच्या नि तिच्यामधल्या. "वहिनीला कशाला सांगायचं? तिला तुमचे डोळे बरे झालेले थोडेच हवेत?"

मग मास्तर आजारी पडायला लागले.

आधी ओठ फुटले. मलम लावलं, पुन्हा फुटले. तळहातांची सालं निघायला लागली. सकाळी उठले की डोकं ठणकायचं, जेवण बघून मळमळायचं. हाडं दुखायची. उशीवर केसांचा पुंजका राहायचा, आणि एक दिवस न्हाव्याने हजामत करता करता म्हटलं, "मास्तर, भुवया कुठे गेल्या तुमच्या?" मूळचा चिडका माणूस आता काडेपेटीसारखा झाला, नुसता हात लागला तरी पेट घ्यायचा. आणि त्या अवस्थेत विचार करकरून त्यांनी निष्कर्ष काढला: जेवतो कुणाच्या हातचं? सुनेच्या. आजारी पडलो कधीपासून? ती माझ्या बाकावर बसायला लागली तेव्हापासून. ते "आधी तू खा" इथून आलं.

दुसऱ्या दिवशी लेक आली. तिने फ्रीज उघडला, उरलेली भाजी एका डब्यात भरली आणि झाकण लावून पिशवीत घातली.

"हे कशाला?" सुनेने विचारलं.

"तपासून घ्यायला."

"तपासा. आणि भांडं घासून परत आणा. माझ्या आईनं दिलेलं आहे ते."

"वहिनी, तुमचं मन साफ असेल तर एवढं झोंबायचं कारण काय?"

"मन साफच आहे, ताई. म्हणून तर तुमच्या अंगावर तो डबा ओतला नाही मी."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायच्या कंपनीत कामाला होता. वर-खाली करणं हा त्याचा धंदाच. बायकोपाशी म्हणायचा, "बाबांचं वय झालंय, मनावर घेऊ नकोस." वडिलांपाशी म्हणायचा, "मी बोलतो तिच्याशी." दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टसारखा तो लोंबकळत होता आणि दार कुठेच उघडत नव्हतं.

"तुला काय वाटतं?" बायकोने त्याला सरळ विचारलं. "मी घालते विष?"

"अगं, असं कसं..."

"हो की नाही?"

"नाही गं. पण ते आजारी तर आहेत ना."

त्या "पण"नंतर तिने सासऱ्यासाठी चूल पेटवणं बंद केलं. तुमची लेक समर्थ आहे, म्हणाली. लेकीचा डबा यायला लागला. सकाळ-संध्याकाळ, चवीचा, प्रेमाचा. मास्तर तो खात होते, वर सोनेरी गोळ्या घेत होते, आणि दिवसेंदिवस खंगत होते. सून ते काउंटरवरून बघत होती. एकदा तिच्याने राहवलं नाही.

"आता तर डबा लेकीचा आहे ना, बाबा? मग आता कोण घालतंय?"

मास्तरांनी भिंग खाली ठेवलं. "तू आधी घातलंस ते अंगात साठलंय."

साठण्याचं त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. चुकत होतं ते फक्त घालणारा कोण त्याबद्दल.

दुकान तरीही दोघं रोज उघडत होती. बाहेर बसायला दुसरी जागा नाही, आत बोलायला शब्द नाही. मास्तर तिच्याशी बोलायचं तर भिंतीकडे बघून बोलायचे: "कुणीतरी तेलाची कुपी हलवलीय." ती पट्ट्यांशी बोलायची: "ज्याला दिसत नाही त्याला सगळंच हललेलं वाटतं." गिऱ्हाइकं पावती घेऊन लवकर निघायची.

एका दुपारी मास्तर भिंग लावून बसले होते आणि एकदम म्हणाले, "दोन कशी दिसतात?" समोर एकच घड्याळ होतं. त्यांनी कपाळ दाबून धरलं, उठायचा प्रयत्न केला आणि बाकावरच ओकले. मग कडेला कलंडले. सुनेने एका हाताने त्यांचं डोकं सावरलं आणि न्हाव्याला हाक मारली. दोघांनी त्यांना उचलून टॅक्सीत घातलं. सगळ्या रस्त्यात मास्तरांचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि मास्तर पुटपुटत होते, "हिला उतरवा. हिला आधी उतरवा."

हॉस्पिटलात जरा शुद्धीवर आल्याबरोबर त्यांनी तपासणाऱ्या डॉक्टर बाईंना पहिलं वाक्य सांगितलं: "माझ्या सुनेनं मला विष घातलंय."

खोलीत नर्स होती, शेजारच्या खाटेवरचा रुग्ण होता, त्याची बायको होती. सगळ्यांच्या माना वळल्या. डॉक्टर बाईंनी सुनेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबा." नर्सने तिच्या पाठोपाठ दार लावलं. सुनेच्या पदरावर अजून सासऱ्याच्या ओकारीचा डाग होता. बाहेरच्या बाकड्यावर ती बसली आणि जाणारा-येणारा प्रत्येक जण तिला बघून जातोय असं तिला वाटलं. काही जण खरंच बघत होते.

बऱ्याच वेळाने डॉक्टर बाई बाहेर आल्या. त्यांनी रक्त पाठवलं होतं, डोळ्यांत दिवा घालून पाहिलं होतं, पोट चाचपलं होतं.

"तुम्ही त्यांना काय देता?"

"सध्या काहीच नाही. जेवण त्यांच्या लेकीकडून येतं."

"जेवणाचं नाही विचारत. गोळ्या, तेल, पावडर, काहीही. मी त्यांना विचारलं तर म्हणतात, औषध एकही घेत नाही, फक्त जीवनसत्त्व. कुठलं ते सांगता येत नाही. घरात असेल नसेल ते सगळं घेऊन या."

"घरात नाही. दुकानात एक कुलूपबंद खण आहे."

"मग किल्ली घ्या आणि जा."

किल्ली मास्तरांच्या गळ्यात साखळीला होती. सून आत गेली, खाटेशी उभी राहिली आणि हात पुढे केला. मास्तरांनी मूठ आवळली.

"पाहिलंत?" ते नर्सला म्हणाले. "मी मरायच्या आधीच दुकानाच्या किल्ल्या मागतेय."

सून वळली. तशीच दुकानात गेली, भिंतीवरच्या घड्याळांसाठी ठेवलेला मोठा स्क्रू ड्रायव्हर घेतला, खणाच्या फटीत घातला आणि सगळा राग त्याच्या मुठीवर टाकला. लाकूड कडकडून फुटलं. आत सोनेरी गोळ्यांच्या बाटल्या होत्या, काही रिकाम्या, एक भरलेली, एक अर्धी. शेजारी तेलाची बाटली, तिच्या तोंडाला चिकटलेला चमचा. तिने बाटली उजेडात धरली आणि वाचली. मग दुसरी वाचली. मग सगळ्या पिशवीत भरल्या.

परत येईपर्यंत नवरा आणि नणंद हॉस्पिटलात पोचले होते. नणंदेने तिला बघताच आवाज चढवला. "आलात? आता काय आणलंत माझ्या बाबांना?"

"तुम्ही आणलेलं," सून म्हणाली आणि पिशवी डॉक्टर बाईंच्या हातात दिली.

डॉक्टर बाईंनी बाटल्या एकेक करून खिडकीच्या कट्ट्यावर मांडल्या. सोनेरी गोळ्या, तेल, आणि मुलाने बायकोच्या फोनवरून घरून आणलेला ताकदीच्या गोळ्यांचा डबा. मास्तरांना विचारलं, किती घेता? मास्तरांनी सांगितलं. सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता, नेमाने घेतल्याचा.

"या एका गोळीत पंचवीस हजार युनिट आहेत," त्या म्हणाल्या. "माणसाला दिवसाला तीन हजारांच्या आसपास पुरतात, आणि ते साध्या जेवणातूनही मिळतात. तुम्ही दिवसाला एक लाख घेत होतात. वर हे तेल, त्यातही तेच. हा डबा, त्यातही थोडं तेच. कलेजी खाता? त्यात तर भरपूर. चारही वाटांनी एकच गोष्ट आत जात होती."

"पण ते जीवनसत्त्व आहे!" नणंद म्हणाली. "जीवनसत्त्वानं कुणाला काही होतं का? जास्तीचं लघवीवाटे निघून जातं."

"काही जीवनसत्त्वं जातात. हे जात नाही. हे चरबीत विरघळतं आणि यकृतात साठत जातं. यांचं यकृत सुजलंय. डोक्यातला दाब वाढलाय, म्हणून ते डोकं, ती ओकारी, ते दोन-दोन दिसणं. ओठ, केस, हाडं, सगळं यातलंच दिसतंय. रक्ताची पातळी उद्या येईल, पण मला फारशी शंका नाही."

"आणि डोळे?" मास्तरांनी विचारलं.

"तुमचा मोतीबिंदू आहे, काका. तो गोळीनं जात नाही. जीवनसत्त्वाची कमतरता असती तर वेगळी गोष्ट. तशी आहे का ते कुणी तपासलं होतं का?"

मास्तरांनी लेकीच्या दिशेने मान वळवली.

"म्हणजे विष नाही?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"एवढ्या मात्रेत हे विषच," डॉक्टर बाई म्हणाल्या. "फक्त ते स्वयंपाकघरातून आलेलं नाही."

सून नवऱ्याकडे बघत होती. त्याने मान खाली घातली. तिला वाटलं होतं की हा क्षण आला की छाती हलकी होईल. झाली नाही. उलट त्या खोलीतल्या प्रत्येकाला धरून गदागदा हलवावं असं वाटलं.

डॉक्टर बाई कागदावर लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "ही गोळी घरात आणखी कुणी घेतं का? लहान मूल, गरोदर बाई?"

नणंदेचा चेहरा उतरला. तिने पर्स छातीशी धरली. "का?"

"गरोदरपणात, त्यातून सुरुवातीच्या महिन्यांत, एवढी मात्रा पोटातल्या बाळाला बाधू शकते. बाळात व्यंग येऊ शकतं. कुणी घेत असेल तर आज, आत्ता बंद करा आणि तिच्या डॉक्टरांना सांगा."

"नाही. कुणी नाही," नणंद म्हणाली.

सून तिच्याकडे बघत राहिली. नणंदेच्या लेकीला, म्हणजे भाचीला, नुकतेच दिवस गेले होते. गेल्या भेटीत भाचीच हसत म्हणाली होती, "मामी, माझ्या गालांवरचे फोड बघ कसे गेले. आई पार्लरमधलं काहीतरी देते." तेव्हा सुनेने लक्ष दिलं नव्हतं.

"ताई, भाचीला तुम्ही काय देता?"

"तुम्ही यात पडू नका."

"हीच गोळी देता ना?"

"ती घाबरेल!" नणंद फुटल्यासारखी ओरडली. "आत्ता कुठे तिला... मी हळूच बंद करते तिची. तिला काही कळायची गरज नाही. तिच्या सासरी कळलं तर माझं तोंड..."

"तुमचं तोंड गेलं खड्ड्यात," सून म्हणाली आणि फोन काढला.

नणंद झेपावली. तिने भावजयीचं मनगट पकडलं, नखं रुतवली. त्या अरुंद खोलीत दोन बायांची झटापट झाली, कट्ट्यावरची एक बाटली खाली पडून फुटली आणि सोनेरी मणी खाटेखाली घरंगळले. आणि तेव्हा, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, नवरा मध्ये पडला. त्याने बहिणीचा हात सोडवला आणि बायकोला म्हणाला, "लाव फोन."

फोन लागला. "मामी बोलतेय. घाबरू नकोस, पण मी सांगते ते नीट ऐक," असं म्हणून तिने भाचीला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, तिखट-मीठ लावलं नाही. गोळी बंद कर, बाटली घेऊन आजच तुझ्या डॉक्टरांकडे जा. भाची पलीकडे रडायला लागली तेव्हा सून तिच्याबरोबर रडली नाही. "रडणं नंतर, आधी चप्पल घाल," म्हणाली.

नशीब म्हणायचं ते एवढंच की भाची विसरभोळी होती. रोज घेत नव्हती, आठवली की घ्यायची. तिच्या डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या नेमून दिल्या. पहिल्या सोनोग्राफीत काही वावगं दिसलं नाही, नंतरचीही ठीक आली. खात्री बाळ हातात आल्यावरच, असं डॉक्टर म्हणाले. भाची आईशी बोलेनाशी झाली. आणि नणंदेने हे सगळं मनात वहिनीच्या खात्यावर लिहून टाकलं. "माझ्या लेकीला माझ्यापासून तोडलं," असं ती आजही सांगते.

मास्तर हळूहळू सावरले. गोळ्या बंद झाल्या, तेल बंद झालं. आधी डोकेदुखी ओसरली, मग ओठ भरून आले, भुवया विरळ का होईना पण परतल्या. यकृताला वेळ लागेल, असं डॉक्टर बाईंनी बजावलं होतं. त्यांच्याच दटावणीने मास्तरांनी पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशनही करून घेतलं, आणि डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर पहिली तक्रार केली ती खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ मागे असल्याची.

सुनेची माफी त्यांनी मागितली नाही. घरी आल्यावर एकदा एवढंच म्हणाले, "खण फोडायची काही गरज नव्हती. किल्लीनं उघडता आला असता."

त्याच आठवड्यात सुनेने दुकान सोडलं. मोठ्या रस्त्यावर एका घड्याळ कंपनीचं दुरुस्ती केंद्र होतं, पांढऱ्याशुभ्र दिव्यांचं, गार हवेचं. तिथे तिला बाक मिळालं, स्वतःचं. नवऱ्याने नाही म्हटलं नाही. तो आता वडिलांसाठी अंडी उकडायला आणि भात लावायला शिकला होता. भात कधी करपायचा, कधी कच्चा राहायचा, आणि मास्तर तो मुकाट गिळायचे.

जुन्या दुकानात गिऱ्हाइकं यायची, काउंटरवर कुणी नाही बघून न्हाव्याला विचारायची, "बाई कुठे गेल्या?" न्हावी पत्ता सांगायचा.

शेवटी एका सकाळी मास्तर स्वतः तिच्या काउंटरसमोर येऊन उभे राहिले. खिशातून कापडात गुंडाळलेलं एक बायकी घड्याळ काढून त्यांनी काचेवर ठेवलं.

"गिऱ्हाइकाचं आहे. दिसतं मला आता सगळं. पण आजारपणापासून हात कापतो."

तिने झाकण उघडलं, भिंग लावलं, पाहिलं आणि पावती फाडली. "गुरुवारी या."

मास्तर हलले नाहीत. मागे रांगेतला माणूस खाकरला.

"दुकानात कधी येतेस?" त्यांनी विचारलं.

"हॉस्पिटलात त्या नर्ससमोर जे बोललात, ते त्याच नर्ससमोर जाऊन परत घ्या. मी बरोबर येते. मग बघू."

"ते काही जमणार नाही."

"मग गुरुवारी या," ती म्हणाली आणि मागच्या माणसाकडे पाहून हात पुढे केला.